ठिपकीचा आवाज

शनिवार, ४ जानेवारी

उद्या लासुर्ण्याला. सकाळी व्याह्यांचा फोन — "पाव्हणं, उद्या दुकान बंद. हुरडा आलाय. आन् नातीची शेती बघायला कवा येणार?" विजयसिंहरावांचा आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.

नातीची शेती म्हणजे त्यांचं 'बाळशिवार'. घराजवळचा चार एकर ऊस मोडला आणि शहरातल्या पोरांसाठी शेत मांडलं. ससे, बदकं, एक तट्टू, बैलगाडी, माती कालवायला खड्डा, जेवायला पिठलं-भाकरी. भावकी हसली — ऊस काढून पोरं लावली म्हणे! मीही मनातल्या मनात हसलो होतो. आता शाळांच्या गाड्या येतात. माणसानं चालवून दाखवलं, हे मान्य करायला पाहिजे.

दसऱ्याला मुहूर्त झाला तेव्हा मी एक गीर कालवड भेट दिली. सुप्याकडच्या ओळखीच्या गोठ्यातून स्वतः निवडून आणली. शर्वीनं, म्हणजे आमच्या रेश्माच्या पोरीनं, तिचं नाव ठेवलं ठिपकी.

बायकोनं, जयवंतानं, लाडवांचा डबा बांधलाय आणि मला बजावलंय — "तितं जाऊन भाव-ताव सांगत बसू नका. लेकीचं सासर हाय."

रविवार, ५ जानेवारी

दिवस छान गेला असं लिहिणार होतो. तसा गेलाही. पण एक गोष्ट आहे.

आधी चांगलं. आम्ही पोचलो तर शर्वी फाटकावरच उभी. चार वर्षांची पोर, पण मला सगळं शेत फिरवून दाखवलं जणू मी पुण्याहून आलोय. "आबा, हे बदक हाय. ह्याला हात लावायचा न्हाय, हे चिडकं हाय." जयवंता बैलगाडीत बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदा बसल्यासारखी लाजली. पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यातला बाप पोराला सांगत होता, "बेटा, म्हैस म्हणजे काळी गाय." मी तोंड फिरवून हसून घेतलं. विजयसिंहरावांनी ऐकलं, ते म्हणाले, "हसू नका, पाव्हणं. ती माणसं हायेत म्हणून हे हाय."

हुरडा गोड. लसणाची चटणी झणझणीत. जावईबापू, यशराज, स्वतः आगटीत कणसं भाजत होते. हात काळे, तोंडभर हसू. रेश्मा सुखात दिसली. बापाला आणखी काय पाहिजे?

मग शर्वी मला ठिपकीकडे घेऊन गेली. इथं पोरांना बाटलीनं दूध पाजू देतात आणि बाटली संपली की बोटं चोखायला देतात. कालवडीची खरबरीत जीभ लागली की पोरं किंचाळतात, ह्याच खेळासाठी गर्दी. शर्वी तर रोजच देते. तिला नखं कुरतडायची सवय, बोटांच्या कडा कायम सोललेल्या.

ठिपकी हंबरली आणि मी थांबलो.

माझं आयुष्य जनावरांच्या दलालीत गेलं. आधी दुसऱ्याची जनावरं कासऱ्याला धरून बाजार पायी केले, मग स्वतःची केली, मग बारामतीत पेंडीचं दुकान टाकलं. बाकीचे दलाल दात बघायचे, शेपूट उचलायचे. मी डोळे मिटून ऐकायचो. रवंथ, श्वास, खोकला. ठिपकीचा आवाज मीच निवडला होता, घंटेसारखा. आज तो घोगरा, फाटलेला. तोंडातून लाळेची तार.

"घशात उसाच्या वाढ्याचा तुकडा अडकला असंल," जोतीराम म्हणाला. तो तिथला गडी. मलाही तेच वाटलं. विजयसिंहराव म्हणाले, "तुमीच बघा, पाव्हणं. तुमच्याएवढं कोणाला कळतंय?" मी बाही वर केली, जबडा धरला आणि मनगटापर्यंत हात आत घातला. आपल्याकडं गोठ्यातला कुणीही हेच करील. काही लागलं नाही. हात काढताना दाढ घासली, बोटाच्या पेरावर ओरखडा. नळाखाली हात धुतला आणि पिठलं खाल्लं.

येताना गाडीत जयवंता विचारत होती, "गप का?" मी म्हटलं, जेवण जड झालं.

सोमवार, ६ जानेवारी

दुकानात लक्ष नाही. तो आवाज कानातून जात नाही. कुठंतरी ऐकलाय पूर्वी.

मंगळवार, ७ जानेवारी

आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

मी दहा-बारा वर्षांचा असेन. आमच्या आळीत सावतामाळ्याच्या म्हशीचा असाच आवाज फुटला होता. सगळे म्हणाले घशात काहीतरी. तिघांनी हात घालून बघितलं. दोन दिवसांनी म्हैस मागच्या पायांत बसली, डोळे फिरवले, मेली. नंतर कुणीतरी म्हणालं, तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. त्या तिघांतला एक पुढं पावसाळ्यात गेला. पाण्याला भिऊन.

संध्याकाळी रेश्माचा फोन. ठिपकी दूध घेईना. मागचे पाय लटपटतात. "मामंजी म्हणत्यात घशाला काटा लागलाय, तेल पाजलंय."

"शर्वीला तिच्याजवळ जाऊ देऊ नको," मी म्हटलं.

"का?"

"सांगतो नंतर." का सांगितलं नाही मी लगेच? लेकीच्या सासरचा गोठा, म्हणून.

डॉ. नईमला फोन लावला. त्याचा बाप रसूल आणि मी पंधरा वर्षं एकाच ट्रकमधून जनावरं वाहिली. पोरगा जनावरांचा डॉक्टर झाला, मला आबाच म्हणतो. सगळं ऐकून घेतलं. "आबा, मी सकाळी लासुर्ण्याला जातो. तवर कुणीबी हात लावू नका. आन् तुमी हात घातला व्हता म्हणताय ना — साबणानं धुवा. आता परत धुवा."

बुधवार, ८ जानेवारी

नईम पोचायच्या आधी ठिपकी गेली. पहाटेच खड्डा खणून, चुना टाकून पुरलीही. नईमनं उकरून तपासणीला नेऊ का विचारलं तर विजयसिंहराव म्हणाले, "मेलेलं उकरायचं न्हाय. आमच्यात चालत न्हाय."

नईम तिथून थेट माझ्या दुकानात आला. पोत्यावर बसला. चहा घेतला नाही. "तपासणीशिवाय मी शिक्का मारू शकत न्हाय, आबा. पण तुमी सांगताय ते सगळं एकाच ठिकाणी जातंय. शिक्क्याची वाट बघायची न्हाय. सुया आधी."

"कुणाकुणाला?"

"ज्याचा-जिचा हात त्या तोंडात गेला, त्याला, तिला, सगळ्यांना."

शुक्रवारी आणि शनिवारी दोन शाळा येऊन गेल्यात तिथं. एक बारामतीची, एक इंदापूरची. सगळ्या पोरांनी बोटं दिली असणार. तोच तर खेळ.

गुरुवार, ९ जानेवारी

सरकारी दवाखान्यात पहिली सुई. ओरखड्याभोवती वेगळी दिली, ती जास्त दुखली. अल्फिया सिस्टर म्हणून आहेत, हात हलका, तोंड फटकळ. "तारीख चुकवायची नाही हां, काका. बाकी कशाची पण चुकवा."

मग विजयसिंहरावांना फोन. दहा वेळा शब्द जुळवून. मुलीचा बाप व्याह्याशी बोलतो तेव्हा आवाज आपोआप अर्धा होतो, हे मला आज नव्यानं कळलं. म्हटलं, पोरीला सुई देऊन घेऊ, तुम्ही, जोतीरामनं पण घ्यावी, आणि दोन्ही शाळांना सांगावं.

आधी ते हसले. मग — "पाव्हणं, घशाला लागून कालवड मेली. तुमी त्याला कुत्र्याचं नाव देताय. आमच्या शिवारात पिसाळलेलं कुत्रं कवा आलं?"

मी म्हटलं, नसेल आलं, पण.

तेव्हा ते म्हणाले, "आन् आलंच असंल, तर कालवड तुमीच दिली व्हती."

फोन ठेवला तरी ते वाक्य ठेवता येईना. कालवड मीच दिली होती. सुप्याहून. असा रोग अंगात महिनोन्महिने झोपून राहतो म्हणे. माझ्या कानाला ते ऐकू आलं नसेल तर?

शुक्रवार, १० जानेवारी

आज खोटं बोललो आणि नातीला आणली.

सरळ मागून पोर मिळाली नसती. म्हणून फोन जयवंताला करायला लावला, विहीणबाईंना. संक्रांत आलीय, शर्वीचं बोरन्हाण माहेरी करायचं मनात आहे, लेक-नात दोन-चार दिवस पाठवा. बोरन्हाणाला नाही कोण म्हणतं? मी जाऊन घेऊन आलो. वालचंदनगर मागं टाकलं. मग रेश्माला सगळं सांगितलं.

तिनं पहिलं हेच विचारलं, "मामंजी न्हाय म्हणाले ना?"

"म्हणाले."

"मग तुमी मला पळवून आणलं म्हणा."

"तसंच म्हण."

शर्वी मागच्या सीटवरून म्हणाली, "आबा, ठिपकी देवाकडं गेली. तिच्या घशाला लागलं व्हतं." रेश्मानं तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि एकेक बोट बघितलं. मग म्हणाली, "गाडी दवाखान्याकडंच घ्या."

पोर रडली, चावली, माझा शर्ट ओढून ओढून बटण तोडलं. अल्फिया सिस्टरनी तिला मोकळी सिरिंज दिली खेळायला. घरी येऊन तिनं आजीला सुया टोचल्या.

रविवार, १२ जानेवारी

माझी दुसरी सुई. बोरन्हाण पण झालं, खोटं खरं करायला. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हलव्याचे दागिने. आळीतली पोरं तुटून पडली. रेश्मा हसत होती पण तिचा फोन सारखा वाजत होता, आणि ती आत जाऊन बोलत होती. दोन खोल्यांच्या पलीकडचं मला ऐकू येतं. "न्हाय हो. खरंच बोरन्हाण हाय."

विजयसिंहरावांना परत फोन केला. या खेपेला गोड बोलले. "शाळांना मी कळवतो. माझी पाव्हणी पोरं हायेत ती. तुमी काळजी सोडा." बरं वाटलं. अडाणीपणा असतो, अहंकार असतो, पण माणूस पोरांवर जीव लावणारा आहे असं वाटलं.

जयवंता म्हणते, "आता बास. तोंड उघडायचं न्हाय."

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. भाकरीला तीळ लावलेले, खेंगटाची भाजी. यशराज आले होते शर्वीला भेटायला. शर्वीनं दंडावरचा बोळा दाखवला, बापाला सगळं कळलं. जेवून अंगणात गेले आणि फोनवर वडिलांशी बोलत उभे राहिले. मी पेंडीची पोती मोजतोय असं दाखवत दाराआड.

"...न्हाय, शाळेतून कुणाचा फोन न्हाय. तुमी सांगितलं न्हाय ना? ... मग झालं. चार दिवस गेलं की लोक इसरत्यात."

हे कान मला नको होते.

मंगळवार, १४ जानेवारी

तिळगूळ घ्या, गोड बोला. दुकानात दिवसभर येईल त्याला हेच म्हणत होतो. शाळा आज बंद. उद्या.

दोन माणसं डोक्यात भांडतायत. एक म्हणतो, तू मुलीचा बाप, तुझ्या एका शब्दानं तिचं घर मोडेल. दुसरा म्हणतो, त्या पोरांनाही बाप आहेत, त्यांना माहीतच नाही. पहिल्याचं ऐकावं असं फार वाटतंय.

बुधवार, १५ जानेवारी

गेलो.

बारामतीच्या शाळेत मुख्याध्यापिका बाईंच्या समोर टोपी काढून बसलो. म्हटलं, तुमची सहल गेली होती तिथली कालवड वारली, तिला पिसाळल्याचा रोग असावा, खात्री नाही, पण वाट बघण्यासारखी गोष्ट नाही. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण? तुम्हाला कसं माहीत?"

इथं खोटं नाव सांगता आलं असतं. पण निनावी माणसाचं कोण ऐकतं?

म्हटलं, "तिथल्या सुनेचा बाप. कालवड मीच दिली होती."

त्यांनी लगेच आरोग्य खात्याला फोन लावला, पालकांना निरोप गेले. इंदापूरच्या शाळेला मी नईमला बरोबर घेऊन गेलो. परतताना नईम म्हणाला, "आबा, आज्जी तुमाला घरात घेईल का?" मी म्हटलं, दुकानात पेंडीवर झोपायची सवय आहे मला.

गुरुवार, १६ जानेवारी

तिसरी सुई. दवाखान्यात पोरांची रांग. आया, बाप, मास्तर. एक बाई म्हणत होती, "म्हणे ज्यानं रोगट कालवड दिली तोच सांगायला आला." मी रांगेत तिच्या मागंच होतो.

दुपारी यशराजचा फोन. आजवर मला 'आबा' म्हणायचे. आज — "सावळारामराव, सगळ्या सहली रद्द झाल्या. तुमच्या तोंडानं आमचं घर उठलं."

मग फोन विजयसिंहरावांनी घेतला. ते ओरडले नाहीत. हळू बोलले. त्या माणसाला हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "तुमच्या गोठ्यातनं आलेलं मरण तुमी माझ्या दारात बांधलं. मी लोकांना तेच सांगणार. तुमी काय म्हणताय?"

मी म्हटलं, "तुम्ही सुई घेतली का? जोतीरामला दिली का?"

"मला काय झालंय?"

फोन कट.

शुक्रवार, १७ जानेवारी

शर्वीची तिसरी सुई झाली. या खेपेला रडली नाही. दुपारी यशराज न्यायला आले, गाडीतून उतरले नाहीत. रेश्मानं पायाला हात लावला आणि म्हणाली, "आबा, काही दिवस फोन करू नका. मीच करीन." पोरगी गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून बसलेली, लांबपर्यंत.

शेवटची सुई ७ फेब्रुवारीला आहे, हे रेश्माच्या हातावर पेनानं लिहून दिलं. कागद कुणीही फाडतं.

बुधवार, २२ जानेवारी

बाजारात कुजबुज. "सावळारामाची पारख गेली." "रोगट जनावर नातीच्या हातात दिलं." मला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू बोलतात बिचारे.

आज राहवलं नाही, सुप्याला गेलो. ज्याच्याकडून ठिपकी घेतली त्या दत्तोबाच्या गोठ्यात तासभर उभा राहिलो. डोळे मिटून. तिची आई तिथंच आहे, नवीन वासरू झालंय तिला. सगळं निरोगी. दत्तोबा म्हणाला, "आबा, माझ्या गोठ्यात वर्षात कुत्रं शिरलं न्हाय. माझी बायको काठी घेऊनच झोपती." मला पटलं. तरी पटलं नाही. रस्त्यात ट्रकमध्ये काही झालं असेल? दसऱ्याच्या दिवशी दारात बांधली होती तेव्हा? एवढी वर्षं ज्या कानावर खाल्लं, त्याच्यावरचा भरवसा उडाला की माणसाकडं काय राहतं?

शनिवार, २५ जानेवारी

रेश्माचा फोन नाही. जयवंता जेवायला वाढते आणि भिंतीकडं तोंड करून बसते.

गुरुवार, ३० जानेवारी

विजयसिंहरावांचं स्वप्न पडलं. पाणी बघून ओरडत होते. उठून दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. कसाही असो, व्याही आहे. त्याच दाव्याला, त्याच बादलीला त्याचाही हात लागलाच असणार, आणि हा माणूस मानापायी सुई घेत नाही. नईमला म्हटलं, तू बोल, माझ्या तोंडून आलेलं ते कधीच घेणार नाहीत. नईम गेला, फाटकावरूनच परत आला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

शेवटची सुई झाली. अल्फिया सिस्टर बोळा दाबत म्हणाल्या, "आता तुमच्या नातीची उद्या राहिली. लासुर्ण्याची ना ती? त्या घरचे आजोबा आले होते आमच्याकडं, दिवाळी झाल्यावर. शिवारात पिसाळलेलं कुत्रं शिरलं, कालवडीला चावलं, सोडवताना यांच्या हाताला दात लागला. सगळ्या सुया वेळेवर घेतल्या हो त्यांनी. शहाणा माणूस."

बाहेर येऊन रेश्माला फोन लावला. म्हटलं, उद्या पोरीला घेऊन ये, परत जायचं नाही.

"कालच बॅग भरलीय, आबा," ती म्हणाली. "जोतीरामनं कुत्र्याचं सांगितलं मला."